तीस जुने संगणक फुकट मिळतायत, घ्यावेत का?

प्रश्न थोडक्यात असा. सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात विद्यार्थ्यांनीच चालवलेला संगणक क्लब आहे, साठेक सभासद. पुण्यातली एक आयटी कंपनी ३० जुने डेस्कटॉप आणि एक रॅक सर्व्हर द्यायला तयार आहे. क्लबच्याच एका माजी विद्यार्थ्याने तिथे शब्द टाकलाय. प्राचार्य म्हणतात, "आधी कागद आणा, मग बघू." शिवाय फेब्रुवारीतल्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेला प्रायोजक हवेत. काय घ्यावं, काय मागावं, कोणाच्या नावावर घ्यावं?

मी या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. विद्यार्थी असताना अशाच एका क्लबचा खजिनदार होतो. पुढे बारा वर्षं नोकरीत कुठली यंत्रं भंगारात काढायची आणि कुठली देणगीत, त्या कागदावर माझी सही लागायची. आता सुट्टीच्या दिवशी एका कॉलेजच्या क्लबची उस्तवार करतो. त्यामुळे देणाऱ्याच्या मनात काय असतं आणि घेणाऱ्याच्या पदरात काय पडतं, दोन्ही ठाऊक आहे.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. डेस्कटॉप घ्या, पण तीस नको, अठरा-वीस घ्या. सर्व्हरला बहुधा नाही म्हणा. त्याच्या जागी एक नेटवर्क स्विच (अनेक संगणक तारांनी एकमेकांना जोडणारी पेटी) मागा. आणि यातलं काहीही ठरवण्याआधी यादी मागवा.

यादी म्हणजे "३० डेस्कटॉप, चालू स्थितीत" असा एका ओळीचा मेल नव्हे. प्रत्येक यंत्राचा मॉडेल नंबर, प्रोसेसरची पिढी, रॅम किती आणि कुठल्या पिढीची, डीडीआर३ की डीडीआर४, हार्ड डिस्क आहे की काढून घेतलीय, मॉनिटर, कीबोर्ड, पॉवर केबल सोबत आहे का, आणि बायॉसला (यंत्र चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमला) पासवर्ड आहे का. हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही आणि तोच सगळ्यात जास्त रडवतो. कंपनीतल्या यंत्रांना बायॉस ॲडमिन पासवर्ड असतो. तो माहीत असलेला माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला असतो. मग यंत्र चालू होतं, पण पेनड्राइव्हवरून बूट होऊ देत नाही, आणि तुम्ही आपले बघत बसता. लॅपटॉप असतील तर आणखी एक भानगड: ते कंपनीच्या व्यवस्थापन प्रणालीत नोंदलेले असतात. तिथून नाव काढल्याशिवाय विंडोज पुन्हा टाकलं तरी ते कंपनीचंच लॉगिन मागतात. हे सगळं त्यांच्या आयटीवाल्यांकडून यंत्रं गेटबाहेर पडायच्या आधी करून घ्यायचं. नंतर तुमचा फोन कोणी उचलत नाही. मीही उचलत नसे, खोटं कशाला बोलू.

कंपन्या का देतात, हेही समजून घ्या, म्हणजे मागताना अवघडल्यासारखं होणार नाही. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत डेस्कटॉप-लॅपटॉपचं आयुष्य ३ वर्षं आणि सर्व्हर व नेटवर्कच्या सामानाचं ६ वर्षं धरलंय. त्यानंतर हिशेबाच्या वह्यांत त्या यंत्राची किंमत जवळपास संपलेली असते, पण यंत्र जागा अडवून बसलेलं असतं, आणि दर वर्षी ऑडिटला त्याच्यावरचं स्टिकर शोधत कोणीतरी फिरत असतं. सध्या तर सुगीच आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीचे आय५ असलेले, कशालाही न अडणारे हजारो डेस्कटॉप ऑफिसांतून बाहेर पडतायत. लिनक्स टाकायचं असेल तर ही यंत्रं अजून बरीच वर्षं आरामात चालतील. त्यामुळे कंपनी तुमच्यावर उपकार करतेय असं मानू नका. तुम्ही तिचं एक गोदाम मोकळं करताय.

म्हणूनच निवडून घ्यायचा हक्क तुमचा आहे.

आमच्या वेळी आम्ही तो वापरला नाही. जुलैचा महिना, संध्याकाळ, आणि एका कंपनीकडून चाळीस यंत्रं छोट्या हत्तीत भरून आली. ड्रायव्हरने वर ताडपत्री टाकली नव्हती. कराडच्या पुढे पाऊस लागला होता. आम्ही दहा-बारा जणांनी जिन्यावर रांग लावून यंत्रं तिसऱ्या मजल्यावर चढवली, पुसली, आणि रात्रभर वर्गातल्या पंख्याखाली उघडी करून ठेवली. दोन दिवसांनी एकेक चालू करायला घेतलं. चाळीसपैकी हार्ड डिस्क एकातही नव्हती. सुरक्षेच्या नियमाप्रमाणे त्या काढून नष्ट केलेल्या, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. नऊ यंत्रांत रॅमही नव्हती. सहा अजिबात उठेनात. बाकीच्यांची घड्याळं १ जानेवारीवर थांबलेली, कारण मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी मेलेली. ती बॅटरी गावातल्या घड्याळवाल्याकडेही मिळते, स्वस्त असते, पण चाळीस घ्यायच्या म्हणजे आमचं वर्षाचं चहाचं बजेट गेलं. मॉनिटर आलेले व्हीजीएचे आणि यंत्रांना डिस्प्लेपोर्ट. वर्तमानपत्रं अंथरून आम्ही रॅमच्या पट्ट्या जुळवत बसलो होतो, डीडीआर२ एका ढिगात, डीडीआर३ दुसऱ्यात, आणि मधे कोणीतरी वडापाव ठेवला होता. त्या आठवड्यात मी संगणकाबद्दल जेवढं शिकलो तेवढं दोन सेमिस्टरांत शिकलो नव्हतो, हे कबूल. पण शेवटी उभी राहिली बावीस यंत्रं, आणि उरलेल्या अठरांचे सांगाडे कॉलेजच्या जिन्याखाली तीन वर्षं पडून होते. उपप्राचार्य येता-जाता त्यांच्याकडे बघायचे आणि मग आमच्याकडे.

म्हणून वीस म्हणतोय. तीस आलीच तर दहा सुट्या भागांसाठी, हे आधी ठरवून घ्या आणि तसं कागदावरही लिहा. ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये सुट्या भागांना मोल असतं. एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) जळाला तर बाजारातला साधा एसएमपीएस बऱ्याच मॉडेलांना बसत नाही, कनेक्टरच वेगळा असतो. त्यामुळे एकाच मॉडेलची वीस यंत्रं ही पाच वेगवेगळ्या मॉडेलांच्या तीसपेक्षा कितीतरी बरी. कंपनीला हेच सांगा: "एकाच मॉडेलची द्या, कमी चालतील."

डिस्का नसतील तरी बिचकू नका. वीस छोट्या एसएसडी घ्यायच्या तर त्यासाठी प्रायोजक मागणं सोपं असतं, आकडा नेमका असतो. तेवढेही पैसे नसले तर नेटवर्कवरून बूट करण्याची सोय आहे. एलटीएसपी नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे: एका बऱ्यापैकी यंत्रावर लिनक्सची एकच प्रतिमा ठेवायची आणि बाकीची यंत्रं डिस्कशिवाय तिच्यावरून उठवायची. त्याला चांगला गिगाबिट स्विच लागतो. म्हणून वर स्विच मागा म्हटलं. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या क्लबला मिळू शकणारी सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे ऑफिसातून निवृत्त झालेला २४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच. तो कुणाला मागायला सुचत नाही, त्यामुळे सहज मिळतो. फक्त पोर्ट गिगाबिटचे आहेत की १०० मेगाबिटचे, हे मॉडेल नंबरवरून बघून घ्या. जुन्या स्विचांत दोन्ही प्रकार एकसारखे दिसतात. १००चा आला तर व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं करणं) शिकायला ठेवा, लॅब त्याच्यावर चालवू नका.

आता सर्व्हर. सर्व्हर फुकट मिळतोय म्हटल्यावर पोरांचे डोळे कसे चमकतात ते मी पाहिलंय, माझेही चमकले होते. पण हिशेब करा. दोन प्रोसेसरांचा जुना रॅक सर्व्हर नुसता बसून २०० वॉट खातो असं धरू. दिवसाला ४.८ युनिट, महिन्याला १४४, वर्षाला साधारण १,७५०. युनिटला १० रुपये धरले तरी साडेसतरा हजार रुपये. ते कॉलेज भरतं, म्हणून तुम्हाला दिसत नाहीत, पण वीजबिल पाहणारा क्लार्क कधीतरी बोट दाखवतोच. शिवाय तो बंद खोलीत ठेवला तर एसी लागतो, उघड्या लॅबमध्ये ठेवला तर पंख्यांच्या आवाजाने कोणी शिकवू शकत नाही. डिस्का सहसा सॅस या सर्व्हरच्या खास प्रकारच्या असतात, साध्याही चालतात, पण त्या बसवायचे कॅडी (खाचेत सरकवायच्या चौकटी) बहुतेक वेळा हरवलेले असतात. रॅकच्या रेल्स तर कधीच सोबत येत नाहीत. तुमच्या क्लबला जे चालवायचं आहे, म्हणजे वेबसाइट, गिटचा साठा, स्पर्धेचा ऑनलाइन जज (उत्तरं आपोआप तपासणारी प्रणाली), ते सगळं ३२ जीबी रॅम घातलेल्या एका सहाव्या पिढीच्या डेस्कटॉपवर चालतं, आणि तो रिकामा असताना एखाद्या बल्बइतकी वीज खातो. असे तीन डेस्कटॉप घेऊन प्रॉक्समॉक्सचा (एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) क्लस्टर केलात तर एक बंद पडल्यावर काय होतं हेही शिकायला मिळेल.

एकच अपवाद. तुमच्याकडे रेड (अनेक डिस्का एकत्र जोडणं), रिमोट व्यवस्थापन, दुहेरी पॉवर सप्लाय हे हाताने उघडून दाखवायची इच्छा असलेला कोणी सीनियर असेल, तर सर्व्हर घ्या, पण शनिवारी दोन तास चालू करायचं शिकवणीचं यंत्र म्हणून. क्लबचा कारभार त्याच्यावर टाकू नका.

यूपीएस कोणी देत असेल तर हात जोडून नाही म्हणा. आत शिशाच्या बॅटऱ्या असतात, देणाऱ्याने त्या मरत आल्या म्हणूनच काढलेलं असतं. नव्या बॅटऱ्यांचा खर्च ऐकला की फुकटचा यूपीएस सगळ्यात महाग पडतो हे कळतं.

आता कागद. प्राचार्य "कागद आणा" म्हणतात ते टाळाटाळ म्हणून नव्हे. क्लबला कायद्याने अस्तित्वच नाही. बँक खातं नाही, पॅन नाही. वस्तू येणार ती कॉलेजच्या, म्हणजे संस्थेच्या नावावर, किंवा माजी विद्यार्थी संघटना नोंदलेली असेल तर तिच्या. कॉलेजात वस्तू आली की तिची डेड स्टॉक रजिस्टरला नोंद होते. एकदा नोंद झाली की ती वस्तू निर्लेखनाचा (नोंदीतून काढून टाकण्याचा) ठराव झाल्याशिवाय बाहेर काढता येत नाही, मेलेली असली तरी. आमचे अठरा सांगाडे जिन्याखाली सडले ते याच कारणाने. म्हणून स्टोअरकीपरशी आधी बोला. आमचे स्टोअरकीपर काका वर्षभर आमच्यावर खवळून असायचे. एकदा मी त्यांच्याकडे चहा प्यायला बसलो तेव्हा त्यांनीच सांगितलं: "पोरा, चालू यंत्रं संगणक म्हणून लिही, बाकी सगळं 'सुटे भाग, एक लॉट' म्हणून उपभोग्य वस्तूंत लिही. म्हणजे मला पण त्रास नाही आणि तुला पण." ही सोय प्रत्येक कॉलेजात असेलच असं नाही, पण विचारून बघा.

कंपनीकडून तीन गोष्टी हव्यात: देणगीचं पत्र, त्याला जोडलेली सिरियल नंबरांची यादी, आणि डिलिव्हरी चलन. पत्रात "चालू स्थितीतील, पुनर्वापरासाठी" हे शब्द असू द्या. याला कारण आहे. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. वर्षात हजार किंवा त्याहून जास्त विद्युत-इलेक्ट्रॉनिक उपकरणं वापरणारी कंपनी त्यात मोठी ग्राहक ठरते, आणि तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्चक्रीकरण करणारे यांनाच द्यायचा असतो. चालू यंत्र वापरायला देणं वेगळं आणि मेलेलं यंत्र कॉलेजच्या माथी मारणं वेगळं. काही जण दुसरं पहिल्याच्या नावाखाली करतात. यादी हातात असली आणि तुमच्यापैकी दोघं पुण्याला जाऊन पाच-सहा यंत्रं चालू करून बघून आले, की हा प्रश्न तिथेच मिटतो. एसटीचं भाडं वसूल होतं.

डिस्का सोबत आल्याच, तर एक काम त्याच दिवशी करायचं. आमच्याकडे एकदा आलेल्या डिस्कांपैकी एकीवर कंपनीतल्या लोकांचे पगार, आधारच्या प्रती, बँक खात्यांचे तपशील, सगळं उघडं पडलेलं होतं. पोरांनी ते गंमत म्हणून बघायला सुरुवात केली होती. मी ती डिस्क काढून घेतली, कंपनीला फोन केला, आणि पलीकडच्या माणसाचा आवाज कसा बसला ते अजून आठवतं. तेव्हापासून नियम: येईल ती डिस्क कोणी उघडून न बघता थेट पुसायची. फिरत्या डिस्कवर एनवाइपसारखं साधन पुरेसं आहे. एसएसडीवर नुसती शून्यं लिहून भागत नाही, तिच्या स्वतःच्या सिक्युअर इरेजची आज्ञा द्यावी लागते. पुसल्याची यादी, तारखेसह, देणाऱ्या कंपनीला मेल करायची. त्यांनी मागितली नाही तरी. माझ्या अनुभवात त्या एका मेलमुळे पुढच्या वर्षीचे दरवाजे जेवढे उघडले तेवढे कुठल्याही स्मृतिचिन्हाने उघडले नाहीत.

पैशांकडे वळू. इथे तीन खिसे आहेत आणि बहुतेक क्लब ते एकत्र करून गोंधळ घालतात.

पहिला खिसा सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चाचा. प्रत्येक क्लबला वाटतं की कंपनी मोठी आहे म्हणजे सीएसआरमधून देईल. कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमाखाली ज्यांची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा २ टक्के भाग अशा कामांवर खर्चावा लागतो. शिक्षण त्यात बसतं. पण स्पर्धेच्या फ्लेक्सवर लोगो लावून स्वतःच्या मालाची जाहिरात होत असेल तर ते प्रायोजकत्व ठरतं, आणि नियमांनी ते सीएसआरमधून स्पष्ट वगळलंय. शिवाय कंपनी दुसऱ्या संस्थेमार्फत खर्च करणार असेल तर त्या संस्थेने सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी केलेली असावी लागते. १ एप्रिल २०२१पासून हे आहे. तुमच्या संस्थेची ती आहे का, हे ऑफिसात विचारा. नसेल तर सीएसआरचं नाव काढून कोणाचा वेळ घालवू नका. असेल तर कायमस्वरूपी लॅबसाठी मागा. तीन दिवसांच्या फेस्टसाठी तो मार्ग नाही.

दुसरा खिसा देणगीचा, म्हणजे मुख्यतः माजी विद्यार्थी. त्यांना ज्याला सगळे अजून ८०जी म्हणतात त्या करसवलतीचं आमिष दाखवता, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. ती फक्त पैशांच्या देणगीला मिळते, वस्तूंच्या नाही. जुना लॅपटॉप दिला म्हणून कोणाचा कर वाचत नाही. आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदारांना ती मिळतच नाही, तरुण माजी विद्यार्थी तर बहुतेक तिकडेच गेलेले. तेव्हा कर वाचवण्याच्या गोष्टी सोडा. त्यांना लॅबचा फोटो पाठवा. ज्या खोलीत ते रात्री जागले त्या खोलीचा. प्राचार्यांना मात्र सांगा की कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला जागा आहे. मग खाली सही पटकन होते.

तिसरा खिसा खरा प्रायोजकाचा, जाहिरातीचा. याचं मागणं आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीसारखं चालतं: पावती पुस्तक घेऊन चौघं दुकानात शिरायचे. फरक एवढाच की मंडळाच्या मंडपावरून दुकानदाराचं गिऱ्हाईक रोज जातं, तुमच्या स्पर्धेवरून जात नाही. म्हणून क्लबची मुलं मग ब्रोशर छापतात, त्यात प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर असा सराफकट्टा मांडतात, आणि ते शंभर कंपन्यांच्या एचआरला पाठवतात. मला अशी ब्रोशरं यायची. मी ती उघडत नसे. एकदाच उघडलं होतं, कारण विषयात लिहिलं होतं: "१२० थाळ्या."

तो मेल मला अजून जवळजवळ पाठ आहे. चार ओळींचा होता. चाळीस संघ, प्रत्येकी तीन जण, एक दिवसाची स्पर्धा, दुपारचं जेवण थाळीला ९० रुपये, एकूण १०,८००. बाकीचा खर्च जमलाय, जेवण राहिलंय. ते तुमच्या नावाने द्यायचं आहे, आणि जेवताना तुमचे दोन अभियंते येऊन मुलांशी बोलले तर आनंद होईल. बस. आम्ही पैसेही दिले आणि चार जण गेले. त्या स्पर्धेतल्या एका मुलीला पुढे आमच्याकडेच नोकरी लागली. त्या मेलमध्ये मला काय करायचंय, किती लागणार आणि मी नाही दिलं तर काय अडेल, हे एका नजरेत कळत होतं. "गोल्ड पार्टनर, ५०,०००" यातून काहीच कळत नाही.

गावातल्या गावात मागायला लाजू नका. पुण्याच्या कंपन्यांपेक्षा पतसंस्था, सहकारी बँक, एमआयडीसीतला एखादा फाउंड्रीवाला, संगणक विकणारा दुकानदार हे लवकर हो म्हणतात. दुकानदाराकडे पैसे मागू नका. कीबोर्ड, केबल, थर्मल पेस्ट, एसएसडी खरेदीच्या भावाने मागा. त्याला ते सोपं जातं, तुम्हाला स्वस्त. मोकळ्या सॉफ्टवेअरचं काम करत असाल तर फॉस युनायटेड ही संस्था कॉलेजांतल्या क्लबांना आणि कार्यक्रमांना हातभार लावते, तिकडेही लिहा. झेरोधा या शेअर दलाल कंपनीने ऑक्टोबर २०२४मध्ये वर्षाला १० लाख डॉलरचा जो फ्लॉस फंड जाहीर केला तो मात्र मोकळ्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांसाठी आहे, क्लबसाठी नाही. दर वर्षी कोणीतरी चुकून तिथे फेस्टचा अर्ज करतंच.

एका प्रकारच्या प्रायोजकाला सरळ नाही म्हणा. परदेशी शिक्षणाचे सल्लागार, कोचिंगवाले, काही नोकरी देणाऱ्या मध्यस्थ एजन्सी पैसे चांगले देतात आणि बदल्यात फक्त "सहभागी विद्यार्थ्यांची यादी" मागतात. म्हणजे नाव, मोबाइल, ईमेल, वर्ष. आमच्या एका तुकडीने ती दिली होती, पंधरा हजारांना. पुढचे सहा महिने ज्युनियर पोरींना रात्री नऊ वाजता फोन यायचे, आणि पुढच्या वर्षी नोंदणी निम्म्यावर आली. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा पायाच संमतीचा आहे. पण कायदा बाजूला ठेवा, ती यादी तुमची नाहीच, विकणार काय? प्रायोजकाला स्टॉल द्या, दहा मिनिटं माइक द्या, ज्याला नंबर द्यायचा तो स्वतः देईल.

क्लाउडचं क्रेडिट हीही देणगीच. एमआयटीतली एसआयपीबी ही विद्यार्थ्यांची संगणक संस्था १९६९पासूनची. तेव्हा यंत्र कोणाला मिळणार? ती विद्यार्थ्यांना मोठ्या यंत्रावरचा वेळ वाटून द्यायची. आज क्रेडिटच्या रूपाने तेच चाललंय. मायक्रोसॉफ्टचं अझूर फॉर स्टुडंट्स क्रेडिट कार्ड न मागता १०० डॉलर देतं, गिटहबचा विद्यार्थ्यांचा पॅक आहे. पण हे सगळं एकेका विद्यार्थ्याच्या नावावर असतं. थर्ड इयरच्या कोणाच्या तरी खात्यावर क्लबची वेबसाइट उभी राहते, तो पास होतो, क्रेडिट संपतं, आणि एका सकाळी स्पर्धेची नोंदणीच उघडत नाही. शिकायला क्रेडिट वापरा, क्लबचं घर त्याच्यावर बांधू नका. डोमेन तर नक्कीच क्लबच्या सामायिक ईमेलवर आणि कॉलेजच्या किंवा माजी विद्यार्थी संघटनेच्या पैशाने घ्या.

आणि इथेच खरी मेख आहे. पर्थच्या विद्यापीठातला कॉम्प्युटर क्लब १९७४पासून चालू आहे, बर्कलेची ओपन कॉम्प्युटिंग फॅसिलिटी १९८९पासून. आपल्याकडचे बरेच क्लब दर जूनला नव्याने जन्मतात. जुनी कमिटी पास होऊन जाते, नव्या कमिटीला मागच्या वर्षी कोणी काय दिलं हे माहीत नसतं. कंपनीत बसून मला दोनदा एकाच कॉलेजच्या एकाच क्लबकडून "आम्ही आपल्याशी प्रथमच संपर्क साधत आहोत" असा मेल आला होता. आधीच्या वर्षी त्यांना सोळा यंत्रं मीच पाठवली होती. ती कुठे आहेत, विचारलं, तर त्या मुलाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी त्यांचं नाव यादीतून काढलं. राग नव्हता, पण दुसऱ्या कॉलेजने मला फेब्रुवारीत न मागता एक फोटो पाठवला होता: आमचे डेस्कटॉप, त्यावर डेबियन लिनक्स, आणि समोर पहिल्या वर्षाची मुलं. पुढची खेप तिकडे गेली.

म्हणून एक वही ठेवा. साधी, दोनशे पानी, लॅबच्या कपाटात. आणि तिचीच प्रत सामायिक ड्राइव्हवर. कोणी काय दिलं, कधी, कोणत्या माणसाशी बोलणं झालं, त्याचं पद काय, आपण त्याला काय कबूल केलं आणि ते केलं का. यंत्राच्या पाठीवर देणाऱ्याचं नाव आणि तारीख असं छोटं स्टिकर लावा. फ्लेक्सपेक्षा ते जास्त टिकतं, आणि कधी कंपनीतलं कोणी भेटायला आलं की तेच आधी बघतं. कमिटी बदलताना जुना आणि नवा खजिनदार दोघांच्या सहीने देणगीदारांना एक मेल गेला पाहिजे: आता तुमच्याशी हा बोलेल. सांगलीतच वालचंद कॉलेजचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे, एखादा शनिवार त्यांच्याकडे जाऊन बसा आणि त्यांचं हस्तांतर कसं चालतं ते विचारा. पुण्याला जाणार आहातच, तर सीओईपीच्या मुक्त सॉफ्टवेअर गटालाही भेटा.

वेळेचं म्हणाल तर फेब्रुवारीच्या स्पर्धेसाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मागायला लागा, जानेवारीत नव्हे. यंत्रांसाठी उलट: मार्चअखेरच्या आधी कंपन्या मालमत्तेची यादी साफ करतात, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत तुमचं पत्र टेबलावर असावं. तुमच्या बाबतीत तर होकार आधीच आलाय, त्यामुळे या आठवड्यात यादी मागा, पुढच्या शनिवारी दोघं जाऊन बघून या, आणि प्राचार्यांपुढे पत्र, यादी आणि कुठल्या खोलीत किती प्लग पॉइंट आहेत त्याचा कागद एकत्र ठेवा. वाहतूक कंपनी करणार की तुम्ही, हेही पत्रात येऊ द्या. टेम्पो आणि हमाली तुमच्यावर आली तर त्यासाठी वेगळा प्रायोजक शोधायला वेळ लागतो. टेम्पोत मॉनिटर उभे ठेवा, मधे पुठ्ठे घालून. आणि पावसाळ्यात आणणार असाल तर ताडपत्री आपली न्या, ड्रायव्हरवर विसंबू नका.